पाऊण किलो वायू आणि घटांची चवड

प्रवरानगरच्या कारखान्यात १९५० सालच्या अखेरीस पहिल्या गळीत हंगामाची मोळी पडली, तेव्हा आज हे गाव ज्यात येते तो राहाता हा स्वतंत्र तालुकाही नव्हता. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, तर विठ्ठलरावांनी उपाध्यक्षपद घेतले. भारतात सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात सांगताना सगळे याच हंगामाकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यही आहे. पण त्या चिमण्यांच्या परिसराला आणखी एक इतिहास आहे. तो साखरेचा नाही. साखर काढून घेतल्यावर जे उरते, त्याचे काय करायचे, याचा तो इतिहास आहे.

हा पट्टा पाटपाण्यामुळे उभा राहिला. दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरीचे कालवे, भंडारदऱ्यातून येणारे प्रवरेचे कालवे यांनी दुष्काळी मुलखात ऊस आणला. राहात्याच्या पेरूच्या बागाही त्याच पाण्यावर आल्या. सहकाराच्या आधी इथे खासगी कारखाने होते. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला १९३३ साली महादेव डहाणूकरांनी काढलेली महाराष्ट्र शुगर मिल्स, साकरवाडीला १९३९ साली करमशीभाई सोमय्यांनी उभी केलेली गोदावरी शुगर मिल्स. या सगळ्यांपुढे एकच प्रश्न होता. साखर विकली जाते, चिपाड बॉयलरमध्ये जळते, रस गाळून उरलेला गाळ, म्हणजे प्रेसमड, शेतात जातो, पण काळ्या चिकट मळीचे करायचे काय?

उत्तर अल्कोहोल होते. मळीत पाणी आणि यीस्ट घालून ती आंबवायची, आंबलेला रस डिस्टिलरीत उकळून अल्कोहोल वेगळे करायचे. पेट्रोलियमपासून रसायने बनवण्याचे मोठे कारखाने देशात येण्यापूर्वी भारतातल्या सेंद्रिय रसायन उद्योगाचा मोठा आधार हेच अल्कोहोल होते. त्यापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, इथाइल अ‍ॅसिटेट होई, अल्कोहोलमधले पाणी काढून इथिलीनसुद्धा बनवले जाई. साकरवाडीने हा मार्ग कधी सोडला नाही. आज तिथे गोदावरी बायोरिफायनरीजचा रसायनांचा कारखाना आहे आणि त्याचा पाया अल्कोहोलच आहे. ज्या मळीला कोणी विचारत नव्हते, तिच्यासाठी पुढे सरकारला नियंत्रणाचे आदेश काढावे लागले, एवढी तिची किंमत वाढली.

एप्रिल २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प मिरज आणि मनमाड इथे सुरू झाले. मनमाड म्हणजे राहात्याच्या वरचेच रेल्वे जंक्शन. २००३ पासून निवडक राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या ताळेबंदात डिस्टिलरीचा रकाना साखरेइतकाच लक्ष देऊन वाचला जाऊ लागला.

इथवरची हकीकत या भागात बहुतेकांना माहीत असते. आंबवण्याच्या टाकीच्या, म्हणजे फर्मेंटरच्या तोंडातून अल्कोहोलच्या बरोबरीने जे बाहेर पडते, त्याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही.

यीस्ट साखरेच्या एका रेणूचे दोन भाग करते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे जवळजवळ निम्मे निम्मे. एक लिटर अल्कोहोलमागे सुमारे पाऊण किलो वायू. दिवसाला एक लाख लिटर काढणाऱ्या डिस्टिलरीतून रोज ७५ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आणि तो किती स्वच्छ असतो! कोळशावरच्या वीज केंद्राच्या धुरात हा वायू बारा ते पंधरा टक्के असतो, तो वेगळा काढण्यातच बरीचशी ऊर्जा आणि पैसा जातो. फर्मेंटरवरचा वायू मात्र थोडी वाफ, थोडे अल्कोहोल आणि गंधकाचे अंश सोडले तर जवळपास शुद्धच. काही डिस्टिलऱ्या तो धुऊन, दाबून सिलिंडरमध्ये भरतात, शीतपेये आणि ड्राय आइस बनवणाऱ्यांना विकतात. पण ती मागणी मर्यादित आहे. उरलेला वायू हवेत सोडला जातो.

या वायूपासून पुन्हा रसायन बनवता येईल का, हा प्रश्न राहात्यात नवा असला तरी विज्ञानात फार जुना आहे.

१८०० साली इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टाने जस्त आणि चांदी किंवा तांब्याच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड, अशी एकावर एक चवड रचून अखंड वाहणारी वीज मिळवली. ती बातमी पोचताच लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी तशीच चवड उभारून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. घटांची चवड आणि विजेने घडवलेले रसायन ही जोडी अशी पहिल्या दिवसापासून एकत्र आहे. १८७० मध्ये फ्रान्समध्ये रॉयेरने पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडवर जस्ताच्या पट्टीने वीज चालवून फॉर्मिक अ‍ॅसिड मिळाल्याचे नोंदवले. त्यानंतर शंभर वर्षे या शोधाकडे कुतूहल म्हणूनच पाहिले गेले. कोळसा आणि खनिज तेल मुबलक असताना जळून गेलेल्या कार्बनला पुन्हा उठवण्याची गरज कोणाला होती?

१९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर वारे फिरले. जपानच्या चिबा विद्यापीठात योशिओ होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक धातू घेऊन चिकाटीने मोजमापे केली. चांदी आणि सोन्यावर कार्बन मोनॉक्साइड मिळे, कथील आणि शिशावर फॉर्मिक अ‍ॅसिड. १९८५-८६ मध्ये त्यांनी तांब्याविषयी जे प्रसिद्ध केले, त्याने या क्षेत्राची दिशा बदलली. तांब्यावर मिथेन आणि इथिलीन मिळत होते. कार्बनचे अणू एकमेकांना जोडण्याचे काम एक साधी तांब्याची पट्टी करत होती. साकरवाडीसारख्या ठिकाणी ज्यांनी अल्कोहोलवर आयुष्य काढले, त्यांना यातले मर्म सांगावे लागणार नाही. जे इथिलीन एके काळी उसाच्या मळीतून, अल्कोहोलमार्गे बनत असे, ते आता मळीच्या वायूतूनही बनू शकते, असा त्याचा अर्थ होता.

पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या घटातून उद्योग निघत नाही. पहिली अडचण पाण्याची. सामान्य दाबाला आणि खोलीच्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो. विजेचा प्रवाह वाढवला की पट्टीजवळचा वायू संपतो आणि पाणीच फुटून नुसता हायड्रोजन येऊ लागतो. उपाय असा निघाला की वायू पाण्यातून न आणता सच्छिद्र कार्बनच्या पातळ पडद्यामागून थेट धातूच्या कणांपर्यंत पोचवायचा. दुसऱ्या बाजूला आयन सोडणारे प्लास्टिकचे पापुद्र्यासारखे पटल, त्यापलीकडे पाण्यातून ऑक्सिजन काढणारा दुसरा इलेक्ट्रोड. हे सगळे थर एकमेकांना घट्ट चिकटवले की एक घट तयार होतो. इंधन घट आणि विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारे इलेक्ट्रोलायझर याच रीतीने बनत आले होते.

एक घट किती काम करतो, याचा हिशेब सोपा आहे आणि तो केल्याशिवाय चवडीचे महत्त्व कळत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूपासून कार्बन मोनॉक्साइड करायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. फॅरेडेच्या नियमाने दिवसाला एक टन वायू रूपांतरित करायला सुमारे ५०,८०० अँपिअर प्रवाह सतत हवा, तोही एक इलेक्ट्रॉन वाया न जाता. हजार चौरस सेंटिमीटरच्या घटातून, दर चौरस सेंटिमीटरला २०० मिलिअँपिअर धरले, तर २०० अँपिअर जातात. म्हणजे एका टनाला २५० हून जास्त घट. ७५ टनांना सुमारे १९ हजार. प्रत्येक घटाला तीन व्होल्ट धरले तर वीज लागते ११ मेगावॉटच्या पुढे. इथिलीन करायचे तर कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे इलेक्ट्रॉन तिप्पट लागतात, आणि विजेचा आकडाही त्याच प्रमाणात चढतो. चिपाडावर वीज बनवणारे कारखाने याहून मोठी जनित्रे चालवतात हे खरे, पण चिपाड हंगामात मिळते आणि डिस्टिलरी हंगामानंतरही चालते. त्यामुळे ही वीज कुठून आणि कोणत्या भावाने येणार, हा या साऱ्या बेताचा कणा आहे.

इतके घट सुटे सुटे ठेवता येत नाहीत. ते एकावर एक रचून, दोन जाड पट्ट्यांमध्ये बोल्टने आवळून चवड करायची. रसायन उद्योगात या रचनेला फिल्टर प्रेसचेच नाव आहे, कारण ती दिसते अगदी साखर कारखान्यातल्या त्या जुन्या प्रेससारखी, ज्यातून प्रेसमड निघायचा. प्लेट, कापड, प्लेट, कापड, आणि टोकाला दाबणारा स्क्रू. कॉस्टिक सोड्याचे कारखाने कितीतरी वर्षे अशा चवडी चालवत आहेत.

कार्बन डायऑक्साइडच्या चवडीत मात्र नव्या खोडी निघाल्या. वायू पहिल्या घटात भरपूर आणि शेवटच्या घटात कमी पोचला तर शेवटचे घट हायड्रोजन काढू लागतात. आवळण्याचा दाब कमीजास्त झाला की पडद्याची छिद्रे पाण्याने भरतात. पाण्यातले क्षार वायूशी मिळून कार्बोनेटचे खडे होतात आणि वाटा बुजवतात. ऋण आयन सोडणाऱ्या पटलातून निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट होऊन पलीकडच्या बाजूला निघून जातो, तो पुन्हा धरावा लागतो. यातल्या प्रत्येक खोडीवरचा इलाज म्हणजे एकेक पेटंट झाले.

पेटंटचा हा इतिहास २००९ पासून अमेरिकेत वेगाने घडला. प्रिन्स्टन विद्यापीठातले अँड्र्यू बोकार्स्ली आणि त्यांची विद्यार्थिनी एमिली कोल यांच्या कामावर २००९ मध्ये लिक्विड लाइट ही कंपनी उभी राहिली, आणि त्या दोघांच्या नावावरचे कार्बन डायऑक्साइडपासून सेंद्रिय पदार्थ बनवण्याचे पेटंट २०१२ मध्ये मंजूर झाले. कंपनीला मोठा कारखाना काही उभारता आला नाही, तरी तिचे ज्ञान वाया गेले नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या अ‍ॅव्हँटियम कंपनीने लिक्विड लाइटचे तंत्रज्ञान पेटंटसकट विकत घेतले. कारखाना नसताना विकण्याजोगे जे उरले, ते कागदावर नोंदवलेले हक्क होते. ही गोष्ट सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांनी नीट पाहावी असे वाटते.

इलिनॉयचे प्राध्यापक रिचर्ड मॅसेल यांनीही २००९ मध्येच डायऑक्साइड मटेरियल्स काढली. चांदीवर विशिष्ट द्रवरूप क्षार वापरला तर कमी व्होल्टेजला कार्बन मोनॉक्साइड मिळतो, हे त्यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले. पुढे त्याच रसायनाचा धागा पकडून त्यांनी ऋण आयन सोडणारे पटल बनवले, उत्प्रेरक, पटल आणि इलेक्ट्रोलायझर अशा तिन्ही पातळ्यांवर पेटंटे घेतली आणि पटल विकण्याचा धंदाही केला.

स्टॅनफर्डमध्ये तॉमस हारामिय्यो यांच्या प्रयोगशाळेत केंड्रा कूल आणि इटोशा केव्ह या दोघी तांब्यावर काम करत होत्या. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने तांब्यावर निघणारे सोळा वेगवेगळे पदार्थ मोजून दाखवले. नंतर निकोलस फ्लँडर्स त्यांना मिळाले आणि ओपस ट्वेल्व्ह ही कंपनी निघाली. तिचे नाव पुढे नुसते ट्वेल्व्ह झाले. २०२० मध्ये त्यांना मिळालेले एक अमेरिकी पेटंट या कथेत महत्त्वाचे आहे. त्यात एखादा नवा धातू किंवा नवी अभिक्रिया नव्हती, पूर्ण रिअ‍ॅक्टरच्या रचनेचा दावा होता. कोणत्या थरावर कोणता थर, पटलाच्या कोणत्या बाजूला कोणते आयन, उत्प्रेरकाच्या थरात किती पोकळी, असे घट एकत्र कसे बांधायचे. २०२३ मध्ये याच कंपनीने वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक इथे विमानाचे इंधन बनवण्याच्या कारखान्याची पायाभरणी केली.

युरोपात सीमेन्स आणि इव्होनिक यांनी निराळी वाट धरली. २०२० मध्ये जर्मनीतल्या मार्ल गावी त्यांनी चाचणी संयंत्र सुरू केले. तिथे विजेने कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड होई आणि तो वायू जिवाणूंना खायला घालून ब्युटॅनॉल व हेक्सॅनॉल काढले जाई. इलेक्ट्रोलायझरच्या पुढे फर्मेंटर! आपल्याकडे फर्मेंटर आधी आहे, इलेक्ट्रोलायझर त्याच्या पुढे येईल, एवढाच क्रमाचा फरक.

महाराष्ट्र या ज्ञानापासून दूर नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारीत सुरू झाली, म्हणजे प्रवरेच्या पहिल्या हंगामाच्या वर्षातच. १९७० च्या पेटंट कायद्याने औषध आणि रसायनांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट नाकारले, फक्त कृतीवर दिले. त्यामुळे भारतीय रसायनशास्त्रज्ञ एकाच पदार्थाकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटा शोधण्यात तरबेज झाले. नवे ज्ञान आपल्या नावावर नोंदवण्याची सवय मात्र कमी होती. रघुनाथ माशेलकरांनी १९८९ पासून प्रयोगशाळेचे संचालक म्हणून ही सवय लावली. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकवरच्या पुण्याच्या अमेरिकी पेटंटांमुळे जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी सहकार्यासाठी आली. १९९७ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावरचे अमेरिकेतले पेटंट त्यांच्याच नेतृत्वाखालील सीएसआयआरने रद्द करून घेतले. एकाच दशकात पेटंट घेणे आणि पेटंट पाडणे, दोन्ही या मातीतल्या माणसांनी शिकून घेतले.

चवड बांधण्याची कलाही इथे आली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस रस्त्यावर आली. तिचा इंधन घटांचा संच केपीआयटी ही कंपनी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी मिळून घडवला होता. इंधन घटात वायूपासून वीज निघते, इलेक्ट्रोलायझरमध्ये विजेने वायू बदलतो. अभिक्रिया उलट असली तरी पटल, पडदे, प्लेटा, सील आणि आवळण्याचा दाब यांचे कसब एकच. त्याच वर्षी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने कार्बन पकडून वापरण्याची दोन राष्ट्रीय केंद्रे जाहीर केली, त्यातले एक पवईच्या आयआयटीत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत गणपती यादव यांचे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवरचे काम त्याआधीपासून चालू होते. मळी, यीस्ट आणि फर्मेंटर यांचे ज्ञान मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे आहे, आणि पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तर डिस्टिलरीचे तंत्रज्ञान जगभर विकले आहे.

मग अडते कुठे? ज्ञान पुण्या-मुंबईत आहे, वायू नगर जिल्ह्यात आहे, आणि दोघांना जोडणारा करार झाल्याशिवाय दोन्ही आपापल्या जागी राहतात. १९५० मध्ये गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ लोणीला येऊन अध्यक्षाच्या खुर्चीत बसला, तेव्हा असाच एक सांधा जुळला होता.

पेटंटाचे बळ देशापुरते असते. अमेरिकेत मंजूर झालेले पेटंट इथे अर्ज करून मिळवलेले नसेल, तर ते भारतात बांधत नाही. त्याची मुदत अर्जापासून वीस वर्षे. २०१० च्या सुमारास दाखल झालेल्या त्या सुरुवातीच्या अर्जांची वीस वर्षे २०३० च्या आसपास पुरी होतील, चवडीच्या रचनेवरची नंतरची पेटंटे आणखी काही वर्षे चालतील. दरम्यान त्यांचा मजकूर मात्र कोणालाही वाचायला खुला आहे, कारण पेटंटाच्या बदल्यात शोध पूर्ण उलगडून सांगावाच लागतो. लोणीच्या प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला तो आज रात्रीही वाचता येतो.

आणि त्या मजकुरात नसलेल्या गोष्टी नगरच्या माणसाला ठाऊक आहेत. मळीच्या फर्मेंटरवरच्या वायूत गंधकाची संयुगे आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडचे अंश येतात, त्यांनी चांदी किंवा तांब्याचा उत्प्रेरक बाद होऊ शकतो. उसाचा रस, साखर जास्त राहिलेली बी-हेवी मळी आणि साखर पुरती काढून घेतलेली सी-हेवी मळी यांत कच्चा माल बदलला की वायूचा गुण बदलतो, डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली तसे धोरण बदलले की कच्चा मालच बदलतो. चिपाडाची वीज हंगामाबरोबर येते-जाते, तेव्हा चवड बंद करून पुन्हा चालू करताना पटल सुकू न देण्याची रीत लागते. हा वायू स्वस्तात धुण्याची पद्धत, थांबत-चालत टिकणारी चवड, फर्मेंटरला थेट जोडलेले संयंत्र या दाव्यांना इथलाच अनुभव लागतो. नवेपणा, शोधक पायरी आणि उद्योगात उपयोग या कायद्याच्या तीन कसोट्यांवर ते उतरले, तर अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलमधल्या पेटंट कार्यालयात जातो. आधी तात्पुरते विवरण देऊन तारीख पक्की करता येते आणि पूर्ण विवरणासाठी बारा महिने मिळतात. २०२१ च्या नियमदुरुस्तीपासून शैक्षणिक संस्थांना पेटंटाच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे.